ओझ्यावर अडखळणारें इंजिन

मोटारीचें इंजिन उभ्या जागीं संथ चालतें, सपाट सडकेवरही कुरकुर करीत नाहीं; परंतु चढ लागला, किंवा माणसें व माल भरला, कीं धक्के खाऊं लागतें, असा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळांस येतो. या दोषाचें मूळ कसें शोधावें याविषयीं आम्हांस जें स्वतः ठेंच लागून समजलें तें येथें देत आहों. पंपाचें इंजिन व ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकरी बंधूंसही त्यांतील कांहीं भाग उपयोगीं पडेल.

आमच्या किकवीच्या घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत या गाड्या होत असत. मूळची ही फियाट ११००. पद्मिनी हें नांव तिला १९७४ पासून मिळालें. इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटर मापाचें. मुंबईच्या टॅक्सींतून ही जात २०२३ च्या ऑक्टोबरांत निघून गेली; खेड्यांत मात्र अजून कोठें कोठें गोठ्याशेजारीं उभी दिसते.

एका वैशाखांत मागील आसनावर इंद्रायणी तांदुळाचीं दोन पोतीं घालून आम्ही वाईस निघालों. शिरवळपर्यंत कांहीं बिघाड नव्हता. खंबाटकीचा घाट अर्धा चढतों न चढतों तोंच इंजिन गुदमरूं लागलें. एक्सिलरेटर दाबावा तों जोर उलट कमी होई. गाडी कडेला घेतली. पेट्रोल संपलें कीं काय म्हणून टाकीचें झांकण उघडून काडी घालून पाहिली, तों पेट्रोल पुष्कळ. झांकण लावून पुन्हां निघालों आणि गाडी माथ्यापर्यंत बिनतक्रार गेली. या एका प्रसंगांत सारें उत्तर होतें, पण तें आम्हांस त्या वेळीं वाचतां आलें नाहीं.

उन्हाळ्यांत पंपांतल्या पंपांत पेट्रोलाची वाफ होऊन धार तुटते, हें जुन्या चालकांस ठाऊक असतें. बाजारी पेट्रोलाचा हलका अंश ४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळूं लागतो. म्हणून पंपावर ओलें फडकें गुंडाळण्याचा प्रघात आम्हींही पाळला. परंतु पुढें आषाढांतल्या थंड पहाटेसही तोच प्रकार झाला, तेव्हां वाफेचा संशय सोडावा लागला. मग एका कारागिरानें प्लग, पॉइंट व कंडेन्सर एकाच दिवशीं बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला. घाटांत पुन्हां तेंच. शेवटीं रिंगा झिजल्या आहेत, इंजिन उतरवून खोलावें, असें सांगण्यांत आलें. त्या कामांत एका हंगामाच्या भाताचे पैसे जाणार होते. ते आम्ही जवळजवळ मोजलेच होते.

महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी तपासतांना आम्हांस एक वळण लागलें होतें, कीं एका वेळीं एकच नोंद हातीं घ्यावी व तिचा मूळ कागद पाहिल्यावांचून दुसरीस शिवूं नये. तेंच वळण येथें लावावयाचें ठरविलें.

प्रथम, ओझें म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनें काय? उभ्या जागीं कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडरांत हवा थोडी शिरते व दाबली गेली तरी तिचा दाब बेताचा राहतो. चढावर झडप पूर्ण उघडली कीं हा दाब दुपटीतिपटीनें वाढतो, आणि अशा दाटलेल्या हवेंतून ठिणगी उडण्यास विजेचा जोर अधिक लागतो. त्याच वेळीं पेट्रोलाची मागणीही कित्येक पटींनीं चढते. शिवाय वजनानें एक भाग पेट्रोलास एरवीं सुमारें १५ भाग हवा चालते, तेथें पूर्ण जोरासाठीं तें प्रमाण १२-१३ भागांवर आणावें लागतें. यामुळें दुबळी ठिणगी आणि अपुरें पेट्रोल हे दोन्ही दोष उभ्या गाडींत झांकलेले राहतात व चढावर उघडे पडतात.

या दोहोंतील फरक वेळेवरून ओळखावा. ठिणगीचा दोष एक्सिलरेटर दाबल्याबरोबर दिसतो, पाय उचलल्याबरोबर जातो, आणि त्याचा धक्का तुटक व तीक्ष्ण असतो. पेट्रोलाचा तुटवडा सावकाश येतो. कार्बोरेटरच्या वाटींत सांठा असेल तोंवर गाडी चढते, मग जोर ओसरत जातो. आमची गाडी अशीच ओसरत असे. दुसरी कसोटी चोकची: इंजिन गुदमरत असतां चोक थोडा बाहेर ओढावा, क्षणभर जरी तें सांवरलें, तरी पेट्रोल कमी पडत आहे असें समजावें. पुढच्या खेपेस घाटांत आम्हीं हें केलें आणि इंजिन सांवरलें. रिंगांचा प्रश्न तेथेंच मिटला, कारण झिजलेल्या रिंगा चोक ओढल्यानें बऱ्या होत नाहींत.

मग गाडी थांबवून टाकीचें झांकण सैल केलें. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होऊन हवा आंत गेली!

टाकींतून जितकें पेट्रोल जातें तितकी हवा तींत आली पाहिजे. ही वाट कांहीं गाड्यांत झांकणांतील भोकानें असते, कांहींत वेगळ्या बारीक नळीनें. आमच्या गाडीची नळी कुंभारीण माशीनें चिखलानें लिंपून टाकली होती. मागला सबंध पावसाळा गाडी पडवींत उभी होती, त्या वेळचें हें काम असावें. सपाटीवर थोडें पेट्रोल लागे तोंवर कोठून तरी झिरपणारी हवा पुरे; चढावर टाकींत ओढ निर्माण होऊन पंप हरे. पेट्रोल भरल्यावर गाडी बरी चाले तें याचमुळें, कारण भरतांना झांकण उघडलें जाई. आणि आम्ही मात्र एका पंपाचें पेट्रोल चोख व दुसऱ्याचें भेसळीचें ठरवून बसलों होतों. तारेनें नळी मोकळी केली. खर्च कांहीं नाहीं.

दोष ठिणगीचा दिसल्यास अंधारांत इंजिन चालवून प्लगच्या तारांकडे पाहावें. तडकलेल्या तारेवर निळ्या ठिणग्या सरपटतांना दिसतात, आणि आमच्या भोर-वेल्ह्याच्या पावसाळी हवेंत हें वारंवार घडतें. पॉइंटांतील फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. प्लगचा रंग फिकट तपकिरी असल्यास ठीक, पांढरा असल्यास पेट्रोल कमी, काळा व कोरडा असल्यास अधिक, तेलकट असल्यास मात्र रिंगांचा विचार करावा. उलट जें इंजिन उभ्या जागीं थरथरतें व ओझ्यावर सुधारतें, त्यांत बहुधा कार्बोरेटरच्या खालच्या जोडांतून फाजील हवा शिरत असते. तो रोग निराळा.

अलीकडे आणखी एक कारण जमेस धरावें लागतें. २०२५ सालीं पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलें. तें कांहीं अंशीं आपल्याच उसांतून निघतें, तेव्हां तक्रार करण्यास जीभ रेटत नाहीं. परंतु जुन्या पंपाचा रबरी पडदा त्यानें फुगतो वा चिरतो, टाकींतील जुना गाळ सुटून गाळणींत बसतो, आणि इथेनॉलास जळण्यास हवा कमी लागत असल्यानें जुन्या जेटांतून येणारें मिश्रण पातळ पडतें. जुन्या गाडीचा पडदा व रबरी नळ्या नव्या इंधनास सोसणाऱ्या घालून घ्याव्या.

डिझेलच्या इंजिनास ठिणगी नाहीं, म्हणून तेथें शोध सोपा होतो. ओझ्यावर काळा धूर निघाल्यास आधीं हवेची गाळणी पाहावी. धूर नसतां जोर मावळत असल्यास डिझेलची गाळणी, नळींत शिरलेली हवा, आणि टाकीच्या झांकणाचें भोक. भाताच्या लावणीनंतर जें इंजिन महिनोन् महिने उभें राहतें त्याच्या हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी. चिंधी कोंबूं नये, कारण ती काढावयाची विसरते.