आधी पान उलटून बघ

गच्चीतल्या गुलाबावर आणि वालाच्या वेलावर मावा पडलाय, काय मारू, असं तू विचारलंस. औषध सांगतेच, पण बाळा, त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. घरात केलेलं पाणी, साबणाचं असो नाहीतर रिठ्याचं, ज्या किड्याच्या अंगाला लागेल तेवढाच किडा मारतं. आणि मावा बसतो पानाच्या पाठीला, कोवळ्या शेंड्यात, कळीच्या देठाशी. वरून कितीही फवारलंस तरी तो खाली सुखरूप असतो. मग लोक म्हणतात, औषधाला गुण नाही. फवारा खालून वर मारायचा आणि पानाची पाठ निथळेपर्यंत मारायचा.

आपल्या मालेगावात दिवाळीनंतर थंडी धरली की हा येतो. त्यात चार दिवस आभाळ आलं की बघता बघता सगळ्या कुंड्यांवर पसरतो. याचं कारण त्याच्या जातीतच आहे. माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडीही घालावी लागत नाहीत. ती थेट जिवंत पिल्लं टाकते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं टाकायला लागतात. म्हणून थंडीत एक दिवसाआड सकाळी दोन-चार पानं उलटून बघत जा. झाडावर मुंगळ्यांची ये-जा दिसली तर समज, वर बहुधा मावा आहे. तो रस पिऊन गोड चिकटा टाकतो, मुंगळे त्या चिकट्यावर येतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते आणि पानं काजळी बसल्यासारखी होतात. जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर मात्र तो मावा नव्हे, पिठ्या ढेकूण. त्याला आधी ओल्या फडक्यानं पुसून काढावं लागतं.

सुरुवातीला औषध लागतच नाही. एखाद-दुसराच शेंडा भरला असेल तर तो खुडून साबणाच्या पाण्यात बुडव. बाकीच्या झाडावर नळीनं पाण्याचा जोराचा झोत मार, शेंडा हाताने धरून. खाली पडलेल्या माव्यातला फारच थोडा परत चढतो. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं असं केलं की बरेचदा तेवढ्यावरच भागतं.

भागलं नाही तर साबण. कपड्याच्या वडीचा चुरा, एक लिटर पाण्याला सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास. धुण्याची पावडर घेऊ नकोस, तिनं पानं करपतात. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण फाटतो, फेस येत नाही आणि गुणही येत नाही. नळाचं पाणी नसेल त्या दिवशी रिठे वापर. पाच-सहा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी कुस्करून गाळून घे. रिठ्याचा फेस जड पाण्यातही टिकतो. कुठलंही पाणी आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघ, मगच सगळ्या झाडाला. भर उन्हात कधीच मारू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा, असं तीनदा झालंच पाहिजे, कारण पहिल्या वेळी सुटलेले चार किडे आठवड्यात परत तेवढेच होतात.

सगळ्यात माझा विश्वास निंबोळीवर. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी फडक्यातून पिळून गाळायचं, चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवायचा आणि पाणी घालून एक लिटर करायचं. शेतकरी जो पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच. त्यातला गुण उन्हानं उडतो, म्हणून संध्याकाळी मारायचा आणि केला त्याच दिवशी संपवायचा. मावा लगेच पटापट मरेल असं समजू नकोस. त्याचं खाणं आणि वाढ थांबते, फरक काही दिवसांनी दिसतो. दशपर्णी अर्कही चांगलाच, पण तो पिंपभर करायचा आणि महिनाभर सडवायचा प्रकार, शेताला शोभतो. चार कुंड्यांसाठी त्या भानगडीत पडू नकोस.

तंबाखूचा काढा कुणी सुचवला तर ऐकू नकोस. जुन्या लोकांनी तो वापरला हे खरं, पण तंबाखूतलं निकोटीन जहर आहे, कातडीतूनही अंगात जातं. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा रोग लागू शकतो. घरात लहान मूल आहे, भाजी तोडून तशीच तोंडात घालतं. घरगुती म्हटलं की निर्धोक, असं धरून चालू नये.

आणि फवारण्याआधी झाडावर कोण कोण आहे ते बघ. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तू ओळखतेस, पण त्याची अळी करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसते, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती मावा खाऊनच वाढते. फुगलेले, तपकिरी, कडक झालेले मावे दिसले तर तेही राहू दे, त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू असतं. असा शेंडा फवारायचा नाही. कुंड्यांत दोन-चार कोथिंबिरीची आणि बडीशेपेची रोपं फुलावर येऊ दे, ही मंडळी त्या फुलांवर येतात.

गुलाब वाढत नाही म्हणून मूठ-मूठ युरिया देत असशील तर तो आधी बंद कर. त्यानं लुसलुशीत फूट येते आणि मावा तिथेच जमतो. शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरे.

अंगणातल्या डाळिंबाला कळीच्या वेळी मावा आला आणि एवढं करूनही हटला नाही, तर शेंडा पिशवीत घालून वडेलच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून ये. आपल्या कसमादे पट्ट्यात डाळिंबाची जाण असलेली माणसं कमी नाहीत.

दुकानातल्या बाटलीपेक्षा आपली निंबोळी बरी, पण ती वेळेवर हाताशी हवी. जून-जुलैत रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली सडा पडतो तेव्हा वेचून आण, गर धुऊन काढ, सावलीत वाळव आणि सुती पिशवीत भरून ठेव. दिवाळीनंतर लागणारच आहेत.