झरीच्या आज्या-आजोबांचे वजन: काय करावे, काय टाळावे

23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि दिवसाला 12 आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या सुमारास इथल्या पाड्यांवर जन्मलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. डहाणू-तलासरीत कुपोषण म्हटले की बोलणे होते ते लहान मुलांचे. अंगणवाडीत मुलाचे वजन होते, गरोदर बाईला अमृत आहार मिळतो, आणि हे व्हायलाच हवे. पण त्याच घरातल्या आजीचे वजन शेवटचे कधी झाले, हे कोणाला सांगता येत नाही. ती वाळत जाते आणि सगळे म्हणतात, वय झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की म्हातारपणी उतरणारे वजन हे दुखणे समजावे आणि त्यावर वेळेत काही करावे.

काय करावे

महिन्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा. उपकेंद्रात काटा असतो. शक्यतो एकाच काट्यावर, सकाळी, चपला काढून वजन घ्यावे आणि केसपेपरच्या मागे तारखेसह लिहावे. एका आकड्यावरून फारसे कळत नाही, दोन आकड्यांमधला फरक बोलतो. सहा महिन्यांत वजन शंभरात पाचाने उतरले, तर ती धोक्याची खूण असते. 40 किलोच्या आजीसाठी हा फरक फक्त 2 किलोंचा आहे, नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. मात्र पाय सुजलेले असतील तर काटा फसवतो, कारण अंगात साठलेले पाणी वजनात धरले जाते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

पोटरी मोजा. ज्यांना काट्यावर उभे राहता येत नाही, त्यांच्यासाठी हा सोपा उपाय आहे. माणसाला पाय जमिनीला टेकतील असे बसवावे आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती टेप गुंडाळावी. घेर 31 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झिजत आहेत असे धरतात. टेप नसेल तर 31 सेंटिमीटरची दोरी कापून आशाताईंनी पिशवीत ठेवावी. जपानमध्ये तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांचे आणि तर्जनींचे कडे करून ते स्वतःच्या पोटरीभोवती धरायला शिकवतात. कडे आणि पोटरी यांत फट राहिली तर सावध व्हायचे. याशिवाय घरच्यांना दिसणाऱ्या खुणा आहेतच: बांगडी कोपराकडे सरकणे, करदोडा सैल होणे, पोलके खांद्यावरून उतरणे.

किती वजन असावे, हे वय धरून ठरवा. भारतीयांसाठी उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक वापरतात, त्यात 18.5 ते 22.9 योग्य मानतात. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईला हे साधारण साडेएकेचाळीस ते साडेएक्कावन्न किलो होते. पण साठी-पासष्टीनंतर थोडे वजन अंगावर असलेले बरे, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. आजारपणात तेच उपयोगी पडते. म्हणून 54 किलोच्या, रक्तदाब आणि साखर ताब्यात असलेल्या, चालत्या-फिरत्या आजीच्या मागे ‘वजन उतरव’ म्हणून लागू नये. 38 किलोच्या आजीची काळजी आधी करावी. कमरेतून वाकलेल्या माणसाची उंची कमी भरते आणि निर्देशांक उगाच चढा दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रथिनांचा हिशेब घरच्या जेवणातून जुळवा. म्हाताऱ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 45 किलोच्या बाईला 45 ते 54 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.) हे महागड्या पावडरीशिवाय जमते. दिवसभरात 200 ग्रॅम तांदूळ घेतला तर त्यातून 14-15 ग्रॅम येतात. 100 ग्रॅम नागलीची भाकर 7 ग्रॅम देते, 40 ग्रॅम उडीद किंवा कुळीथ 9 ग्रॅमच्या आसपास आणि एक अंडे 6 ग्रॅम. उरलेली कसर सुकी मासळी भरून काढते. सुक्या बोंबलात शंभराला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, तेव्हा 20 ग्रॅम बोंबील म्हणजे 12 ग्रॅम प्रथिने. बेरीज पन्नाशीजवळ जाते. तलासरीच्या किनाऱ्यावर झाईसारखे बंदर असताना, आणि बाजारच्या दिवशी टोपल्या भरून सुकट येत असताना, म्हाताऱ्या माणसाने नुसत्या मीठ-भातावर दिवस काढावा याचे मला फार वाईट वाटते.

दात नसतील तर सुकट अशी करावी. जवळा आधी चाळून वाळू काढावी, पाण्यातून झटपट काढून निथळावा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजावा. गार झाला की पाट्यावर लसणीबरोबर भरडावा. ही भरड डब्यात राहते. जेवताना दोन चमचे गरम पेजेत किंवा मऊ भातात घालून वर थोडे तेल सोडावे. चावायला काही लागत नाही, वासाने तोंडाला चव येते आणि पेजेला जोर येतो. उच्च रक्तदाब असेल तर मीठ लावून सुकवलेले खारे मासे सोडावेत. बोंबील आणि जवळा बहुधा बिनमिठाचेच वाळवतात, ते चालतात. मात्र वरून मीठ घालू नये. दिवसभराचे सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, असावे.

नागली सोडू नका. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याचा अंशही नाही. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागल्यापासून अनेक घरांत नागली मागे पडली. भाकर चावत नसेल तर नागलीची आंबील द्यावी. पावसाळ्यात टाकळा, माठ, कुरडू आणि बाराही महिने शेवग्याचा पाला बारीक चिरून डाळीत शिजवावा. सोबत लिंबू किंवा आवळा असला की पाल्यातले लोह अंगी लागते.

थोडे थोडे, पण जास्त वेळा द्या. म्हातारपणी पोट लवकर भरल्यासारखे वाटते. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा वाढावे. मधल्या वेळी उकडलेले अंडे, भिजवलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ, पिकलेले केळे किंवा वाटीभर दूध द्यावे. बारीक माणसाच्या डाळ-भातावर चमचाभर तेल जास्त घालायला कचरू नये.

उठबस करायला लावा. नुसते खाऊन स्नायू बनत नाहीत. ओट्यावर किंवा खाटेवर बसावे, हात छातीशी धरावेत आणि उठावे-बसावे. आधी पाच वेळा, मग दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाच उठबशांना बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पायांतली ताकद गेली आहे असे समजावे. पडण्याची भीती असेल तर कोणीतरी शेजारी उभे राहावे.

पाणी मागायची वाट बघू नका. या वयात तहान कमी लागते. त्यात रात्री अंधारात बाहेर जावे लागेल म्हणून आज्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठता होते, भूक मरते, उन्हाळ्यात चक्कर येते. बहुतेक पाणी दुपारपर्यंत पोटात जाईल असे बघावे आणि रात्री उशाला बॅटरी ठेवावी. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

वजन उतरण्याचे कारण शोधा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. म्हातारपणी खोकला नसतानाही क्षय असू शकतो. निदान झाल्यास निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये मिळतात. मधुमेहातही माणूस वाळतो. तंबाखू किंवा मिसरी लावणाऱ्यांच्या तोंडात न भरणारी जखम आहे का, हे उजेडात बघावे. एखादे नवे औषध सुरू झाल्यापासून भूक गेली असेल तर तेही सांगावे. आणि जोडीदार गेल्यानंतर जेवण तुटले असेल तर तेही आजारपणच समजावे. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय याच कामासाठी आहेत.

आजीच्या वाट्याचे रेशन गावातच राहू द्या. दिवाळीनंतर घरातले तरुण वीटभट्ट्यांवर किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यांकडे जातात. सगळा शिधा तिकडे उचलू नये. कामाच्या ठिकाणी आपल्यापुरताच घ्यावा, उरलेला घरी राहिलेल्यांना गावच्या दुकानातून मिळू शकतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नसेल तर दुकानदाराकडे दुसऱ्या मार्गाची मागणी करावी, हात हलवत परत येऊ नये. 65 वर्षांवरील गरीब व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1500 रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात होतो.

काय टाळावे

‘आता म्हातारपणी कशाला एवढे खायचे’ असे म्हणू नका. हे वाक्य म्हातारी माणसेच जास्त बोलतात. हालचाल कमी झाली की भात थोडा कमी लागतो हे खरे, पण डाळ, मासळी, अंडी कमी करायची नाहीत. आपल्या ताटातला बोंबील नातवाच्या ताटात टाकणारी आजी प्रत्येक पाड्यावर आहे. तिला रागावून उपयोग नाही. नातवाला आधी पोटभर वाढावे, मग तिचे ताट वाढून ती जेवेपर्यंत कोणीतरी शेजारी बसावे.

चहा-बटरवर जेवण भागवू नका. सकाळी चहा-बटर, दुपारी चहा-टोस्ट, रात्री दोन घास. यातून साखर आणि मैदा पोटात जातो, भूक मरते आणि ताकद येत नाही. चहा प्यावा, पण जेवणापासून तासभर अंतर ठेवून, कारण जेवणाबरोबरचा चहा लोह अंगी लागू देत नाही.

अशक्तपणासाठी सलाईन लावून घेऊ नका. बाजारात जाऊन बाटली लावून येण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. प्रथिने शून्य. त्या पैशांत डझनभर अंडी येतात आणि दिवसाची मजुरीही बुडत नाही. उलट्या-जुलाब झाले, तोंडाने काही जात नसले, तर सलाईन लागते, आणि ते दवाखान्यातच लावावे.

रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे निवडून टाकू नका. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही अफवा आहे. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असून त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळलेले असते. तांदूळ खळखळून पाच पाण्यांनी धुऊ नये, पेजेचे पाणीही ओतून देऊ नये. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्यापुरते डॉक्टरांना विचारावे.

ताडी-दारूने पोट भरू नका. ताडीने पोट तुडुंब होते आणि त्यानंतर जेवण नकोसे होते. सणावारी घेणाऱ्यांनीही आधी जेवावे. रिकाम्या पोटी घेऊन उठताना पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, की खाट धरायला वेळ लागत नाही.

मधुमेह आहे म्हणून सगळेच बंद करू नका. ‘भात नको, फळ नको, गोड नको, तेल नको’ असे करत करत ताटात काहीच उरत नाही, आणि साखर ताब्यात आली तरी माणूस खंगतो. भात मोजून द्यावा, डाळ आणि भाजी वाढवावी. घोलवड-बोर्डीकडच्या बागायतदार घरांतला प्रश्न वेगळा आहे. तिथे पोट सुटलेले असते आणि बसल्या बसल्या चार चिकू संपतात. तिथे वजन उतरवणे गरजेचे असेल तर ते सावकाश, प्रथिने कायम ठेवून आणि चालणे वाढवूनच उतरवावे. उपास करून झटपट उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात ते सहजासहजी परत भरून येत नाहीत.

आडवे झोपवून भरवू नका. पक्षाघात झालेल्या किंवा खाटेला खिळलेल्या माणसाला पाठीला टेकू देऊन सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि चमचा अर्धाच भरावा. पहिला घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्यावा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर दाट पेज देऊन बघावी, तरीही ठसका लागला किंवा जेवणानंतर आवाज घरघरू लागला तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते, तेव्हा भरवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जेवणानंतर चूळ भरून तोंड स्वच्छ करावे आणि निदान अर्धा तास तसेच बसते ठेवावे.