ताई कशी होती?



घरातले माणूस म्हातारे होऊन गेले, तरी दुःख होतेच. पण मनाची थोडी तयारी झालेली असते. धडधाकट बहीण एकाएकी गेली, तर घर जागच्या जागी थिजते. सकाळी तिने चूल पेटवलेली असते. संध्याकाळी तिच्या नावाने दिवा लावावा लागतो.

मग माणसे भेटायला येतात. बसतात, डोळे पुसतात आणि हळूच विचारतात, "गेली कशी हो?" घरचे सांगतात. दुसरे येतात, तेही तेच विचारतात. दहा दिवसांत ही हकीकत पन्नास वेळा सांगून होते. तेराव्यानंतर माणसे येईनाशी होतात. घरात उरते ती तेवढीच हकीकत. किती वाजता गेली, कोण धावले, कोठे नेले. पण ती तीस-चाळीस वर्षे जगली, त्याचे काय? ती होती कशी, हे कोणी विचारतच नाही.

आजचा धडा या प्रश्नाचा आहे.

मुक्ताईची आठवण

महाराष्ट्रात एक बहीण अशीच अचानक गेली. त्याला सातशेहून अधिक वर्षे झाली. तरी ती कशी होती, हे आपल्या गावच्या भजनी मंडळातले कोणीही सांगेल. ती बहीण म्हणजे संत मुक्ताबाई.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान हे तिघे भाऊ. मुक्ता सर्वांत धाकटी. परंपरेप्रमाणे तिचा जन्म इ.स. १२७९ चा. वडिलांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला, म्हणून गावाने घर वाळीत टाकले. पुढे आईवडिलांनी देह ठेवला. चार पोरकी मुले मागे राहिली. त्यांनीच एकमेकांना सांभाळले.

नंतर इ.स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. थोड्याच दिवसांत सोपानदेवांनी सासवडला घेतली. मग मुक्ता आणि थोरला निवृत्ती असे दोघेच उरले. इ.स. १२९७ च्या वैशाखात ती दोघे तापी नदीच्या काठी होती. आभाळ भरून आले. वीज कडाडली. आणि मुक्ता दिसेनाशी झाली, असे सांगतात. वय अवघे अठरा. ज्याने तिला लहानाची मोठी केली, तो भाऊ एकटा राहिला. पुढच्याच महिन्यात निवृत्तिनाथांनीही त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली.

आता पाहा. मुक्ता कशी गेली, हे सांगायला चार ओळी पुरल्या. पण ती कशी होती, हे सांगायला बसलो तर रात्र सरेल. लोकांनी काय काय जपून ठेवले आहे!

एकदा घरात मांडे करायचे होते. मांडे भाजायला खापर हवे. मुक्ता कुंभाराकडे गेली, पण तिला खापर मिळू दिले नाही. ती रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. घरचे रांधणारी ती लहान पोर होती, हे आपल्याला या कथेतून कळते.

एकदा लोकांनी अपमान केला, म्हणून ज्ञानदेव रागावले. झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे कुडाचे दार. तेव्हा मुक्ता बाहेर उभी राहिली आणि तिने भावाची समजूत काढली. जग आगीसारखे तापले, तरी संताने पाणी व्हावे, असे तिचे सांगणे. हे 'ताटीचे अभंग' आजही गातात. धाकटी बहीण थोरल्या भावाला शहाणपण सांगते, आणि भाऊ ऐकतो.

ती फटकळही होती. चांगदेव नावाच्या मोठ्या योग्याने ज्ञानदेवांना पत्र पाठवले. मायना काय लिहावा, हे न कळून कागद कोराच पाठवला. ते पाहून मुक्ता म्हणाली, एवढी वर्षे तप करून हा कोराच राहिला. पुढे याच चांगदेवांनी तिला गुरू केले.

संतांच्या मेळाव्यात तिने गोरोबाकाकांना विचारले, की काका, हे थापटणे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग काकांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले. नामदेव रागावले. काकांनी सांगितले, हे मडके कच्चे आहे. मुक्ताईच्या प्रश्नावरून नामदेवांची अशी फजिती झाली. पण त्याच नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत या भावंडांच्या समाधीची सगळी हकीकत जिव्हाळ्याने सांगितलेली आहे. मनात अढी ठेवली असती, तर आपल्यापर्यंत ती आली नसती.

जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर आहे. तेथून दर आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते. राखी पौर्णिमेला तिच्या नावाची राखी आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीला वाहतात. बहीण गेली, पण नाते चालू आहे.

आपल्या घरची बहीण

तुम्ही म्हणाल, मुक्ताई संत होती, म्हणून तिची आठवण राहिली. आमची ताई साधी बाई.

खरे आहे. पण आठवण टिकली ती कशामुळे? कोणीतरी सांगितली, कोणीतरी लिहिली, कोणीतरी गायली, म्हणून. आपल्याला आता लिहिता येते. मग आपण का लिहू नये?

माणूस गेले, की ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी लागते. ती अवश्य करा. दाखला पुढे पुष्कळ कामांना लागतो. पण त्या दाखल्यावर काय असते? नाव, तारीख, ठिकाण, आईबापाचे नाव. तो मरणाचा दाखला आहे. जगण्याचा दाखला सरकार देत नाही. तो घरच्यांनीच लिहायचा.

तो कोणासाठी लिहायचा? समजा, वडखळच्या एका घरात बहीण गेली आणि तिची चार वर्षांची लेक मागे राहिली. मुलीला आज आई आठवते. दहा वर्षांनी तिला आईचा चेहरा फोटोत दिसेल. पण आई हसायची कशी, रागवायची कशी, हे फोटोत दिसत नाही. ते तिला कोण सांगणार? तिच्या मावशीने एक पान लिहिले, तर ते असे असेल:

"ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई शेतावर जायची, म्हणून मला ताईनेच कडेवर खेळवले. पहाटे उठायची. तांदळाची भाकरी थापताना बोलायची नाही. लक्ष गेलं की भाकरी फाटते, म्हणायची. उन्हाळ्यात नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसायची. अलिबागला जाणारे लोक गाडी थांबवून भाव पाडायचे. ताई म्हणायची, 'दादा, नको तर राहू द्या, पण माझ्या मेहनतीला हसू नका.' हिशेब सगळा तोंडी. एक रुपया चुकायचा नाही.

रागीट होती. एकदा मी तिची साडी न विचारता नेसले, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जिताड्याचं कालवण केलं आणि मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली. तोंडाने काही बोलली नाही.

तिला वाचता येत नव्हतं. वर्गाला मला तिनेच ढकललं. म्हणाली, 'तू जा गं, तुझी भांडी मी घासते. तू शिकलीस की मला एस.टी.ची पाटी वाचून दाखव.' पेण, नागोठणे, अलिबाग, एवढ्या तीन पाट्या मी तिला वाचून दाखवल्या. चौथी राहिली."

एवढेच पान. यात ताई कशी गेली, हे एका शब्दाने नाही. पण वाचले की ताई समोर उभी राहते.

कसे लिहावे?

१. आधी तिच्या हातचे काम लिहा. ती काय रांधायची, शेतात काय करायची, बाजारात काय विकायची.

२. तिचे बोलणे तिच्याच शब्दांत लिहा. पुस्तकी करू नका. ती 'येते गं' म्हणत असेल, तर तसेच लिहा.

३. चार जणांना विचारा. माहेरची माणसे एक सांगतील, सासरची दुसरे, शेजारीण तिसरे. कोणी सांगितले, त्याचे नाव आणि तारीख पुढे लिहा.

४. तिला देवी करू नका. राग, हट्ट, चुकाही लिहा. मुक्ताईचा फटकळपणा लोकांनी लपवला नाही, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते.

५. दोष कोणाचा, हे या वहीत नको. तक्रार असेल तर ती वेगळ्या कागदावर लिहून योग्य जागी द्या. ही वही लेकरासाठी आहे.

६. रडू आले तर वही मिटा. दुसऱ्या दिवशी उघडा. रोज दोन ओळी पुरे.

लिहिल्याने माणूस परत येत नाही. दुःखही लगेच हलके होत नाही. पण पुढे कधी लेक विचारील, "मावशी, माझी आई कशी होती?" तेव्हा "चांगली होती हो" एवढ्यावर गप्प बसावे लागणार नाही. वही तिच्या हाती देता येईल.

नवे शब्द

वाळीत टाकणे – गावाने संबंध तोडणे
मायना – पत्राच्या सुरुवातीचे शब्द
थापटणे – मडकी ठोकून घडवण्याचे लाकडी साधन
अढी – मनात धरलेला राग

प्रश्न

१. मुक्ताईने ताटीबाहेर उभे राहून कोणाची समजूत काढली?
२. कोरा कागद कोणी पाठवला? मुक्ताई काय म्हणाली?
३. मरणाच्या दाखल्यावर काय असते? काय नसते?

लिहा

तुमच्या घरातून गेलेल्या एका माणसाविषयी पाच ओळी लिहा. ते माणूस कसे गेले, ते लिहू नका. कसे होते, ते लिहा. मग घरात मोठ्याने वाचून दाखवा.