दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा?



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मागच्या दिवाळीत भेटायला आला होता. तो अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकला. मी अभ्यासाचे विचारीत होतो आणि हा बोलत होता फुटबॉलवर, तेही हरलेल्या सामन्यांवर! २०१० साली त्यांच्या संघाचा बचाव इतका ढासळला होता, की वसतिगृहात, बसमध्ये, जेवताना एकच वाद चाले : दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा? त्याचे ऐकून मीही त्या काळचे आकडे पाहिले. वाद खेळाचा असला तरी अभ्यासाच्या पानात शोभावा असा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा तो फेकायचा. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जावे लागते. गेले की पुन्हा चार प्रयत्न. शेवटच्या रेषेपार पोचले की टचडाउन, ६ गुण. चढाईचे ११ खेळाडू वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. बचावाच्या तीन ओळी असतात. पुढे धिप्पाड गडी, मध्ये लाइनबॅकर, मागे चपळ राखणदार. पुढचा चुकला तर मागचा सांभाळून घेतो, पाच-सात यार्डांवर भागते. पण सर्वांत मागचा चुकला तर त्याच्या पाठीशी कोणी नसते, थेट टचडाउन. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मिशिगन हे या खेळातले मोठे घराणे. त्यांच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. २००७ च्या हंगामानंतर जुने प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाले आणि वेगवान चढाईसाठी नावाजलेले रिच रॉड्रिगेझ आले. पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, ३ विजय आणि ९ पराभव! १९६७ नंतर प्रथमच या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. २००९ मध्ये ५ विजय, ७ पराभव. २०१० ची सुरुवात सलग पाच विजयांनी झाली, पण पुढच्या आठ सामन्यांपैकी सहा हरले. गंमत अशी की चढाई उत्तम होती. डेनार्ड रॉबिन्सन हा क्वार्टरबॅक एकट्याने १,७०२ यार्ड धावला. मात्र बचावाने प्रत्येक सामन्यात सरासरी ३५.२ गुण दिले. दिलेल्या यार्डांच्या हिशेबात १२० संघांत त्यांचा क्रमांक ११० वा होता. इलिनॉयविरुद्धचा सामना त्यांनी ६७-६५ असा जिंकला. जिंकूनही लोक डोक्याला हात लावून घरी गेले असतील!

आता वाद. एक पक्ष म्हणे, प्रशिक्षक बदला. याचे सारे लक्ष चढाईवर. तीन वर्षांत बचावाचे दोन मार्गदर्शक झाले, शिवाय तीन-तीन-पाच अशी रचना मुलांवर लादली. दुसरा पक्ष म्हणे, मागच्या ओळीत उभे कोण आहे ते तरी पाहा. डोनोव्हन वॉरेन व्यावसायिक खेळाकडे वळला. ट्रॉय वुलफोकचा घोटा हंगामापूर्वीच निखळला. राहिली पहिल्या वर्षाची पोरे. आपण वर पाहिलेच, सर्वांत मागच्याची चूक सर्वांत महाग. आणि तिथेच सर्वांत कोवळे खेळाडू उभे होते.

जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझ गेले, ब्रेडी होक आले. बचावासाठी त्यांनी ग्रेग मॅटिसन हे अनुभवी मार्गदर्शक आणले. त्या वर्षी ११ विजय, २ पराभव आणि बचावाची सरासरी १७.४, म्हणजे जवळजवळ निम्मी! पहिल्या पक्षाने पेढे वाटले असे समजा.

पण थांबा. पुढच्या ओळीतले माइक मार्टिन आणि रायन व्हॅन बर्गन २०१० मध्येही होतेच. आता ते शेवटच्या वर्षाला होते. वुलफोक बरा होऊन परतला. मागच्या ओळीतली पोरे एक वर्षाने मोठी झाली. त्यात विस्कॉन्सिन आणि पेन स्टेट हे बलाढ्य संघ त्या वर्षीच्या वेळापत्रकात नव्हते. म्हणजे यश होकांचे खरे, पण सगळे त्यांचे नव्हे. मॅटिसन यांचे श्रेय मात्र मी कमी करणार नाही. त्याच मुलांकडून नीट उभे राहण्याचे आणि नीट पकडण्याचे काम त्यांनी करवून घेतले, हे शिकवणेच आहे.

मग रॉड्रिगेझ निर्दोष काय? मला तसे वाटत नाही. मागच्या ओळीत मोठी मुले नव्हती हे खरे, पण तीन वर्षांत ती का टिकली नाहीत, हा प्रश्न प्रशिक्षकालाच विचारावा लागेल. त्या काळी कॉलेजच्या खेळाडूला खेळायला चारच हंगाम मिळत. आज भरती केलेला मुलगा तिसऱ्या-चौथ्या वर्षी उपयोगी पडतो. त्यामुळे २००८ मधले दुर्लक्ष २०१० मध्ये दिसते, आणि २००८ मधले चांगले कामही दुसऱ्याच्या नावावर २०११ मध्ये जमा होते.

पुढची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये ८ विजय, २०१३ मध्ये ७, २०१४ मध्ये ५. आता बचाव बरा होता, चढाई कोसळली होती. २०१३ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध धावून मिळवलेले यार्ड होते उणे ४८! हंगाम संपला तसे होकही गेले. आमचा विद्यार्थी सांगत होता, २०११ मध्ये होकांच्या नावाने ओरडून घसा बसवून घेणारेच २०१४ मध्ये त्यांना काढा म्हणत होते.

पालकहो, मी मुख्याध्यापक आहे, तेव्हा माझा कल कोणाकडे असेल हे तुम्ही ओळखलेच असेल. तेवढी सूट वाचताना द्यावी. एकदा दहावीचा गणिताचा निकाल घसरला. नवे सर येऊन आठच महिने झाले होते आणि सभेत त्यांना बदलण्याची मागणी झाली. त्या मुलांची आठवी-नववी कशी गेली, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. मीही नाही. सर पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या गावी गेले.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम : दोन्ही हंगामांत सामने १३ होते. सरासरीवरून एकूण दिलेले गुण काढा. मग फरकाची जेवढी कारणे वर आली, ती वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे लिहा की ते प्रशिक्षकाच्या हातात होते की नव्हते. वह्या शनिवारी माझ्याकडे द्याव्यात.