सुईची भीती

हिवरा आश्रम हे आमचे गाव, तालुका मेहकर. पुष्कळ वर्षे आम्ही शाळेत शिकवले. आता घरीच असतो. ओट्यावर बसलो की एक बोल वरचेवर कानी पडतो. पोर रडते. माय म्हणते, "उगा राय, नाही तर डॉक्टर सुई टोचीन!"

पोर गप्प होते. मायचे काम भागते. पण पोराच्या मनात काय राहते? सुई म्हणजे शिक्षा. डॉक्टर म्हणजे मारणारा माणूस.

आम्हीही असेच भीत होतो. आमच्या लहानपणी गावात देवी काढायला माणूस येई. तो आला की आम्ही पोरे कणगीमागे लपत असू. दंडावरचा वण अजून आहे. पण त्या टोचण्याने काय केले ते पाहा. देवीच्या रोगाने माणसे मरत, कितीकांचे डोळे जात. १९७५ सालानंतर आपल्या देशात देवीचा रोगी झाला नाही. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आता एका पोराची गोष्ट ऐका. तो आमचा विद्यार्थी. लहानपणी त्याला चौघांनी दाबून धरून सुई दिली होती. "दुखत नाही" असे खोटेच सांगितले होते. ते तो विसरला नाही. एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा गोठ्यात त्याच्या पायात खिळा घुसला. त्याने जखमेत हळद भरली आणि कामाला गेला. घरी सांगितले नाही.

आठव्या दिवशी त्याचा जबडा उघडेना. पाठ ताठ झाली. तो धनुर्वात होता. याचे जंतू मातीत व शेणात असतात. खोल जखमेतून ते अंगात शिरतात. पोरगा कित्येक दिवस मोठ्या दवाखान्यात पडून होता. बापाची बैलजोडी गेली. पोरगा वाचला, हे नशीब.

आम्ही त्याला विचारले, "बाबा, तेव्हाच का नाही बोललास?"

तो म्हणाला, "गुरुजी, सुई देतील म्हणून भेलो. अन् वाटलं, मले काय होते?"

मंडळी, या दोन्ही गोष्टी नीट पाहा. एक जुनी भीती. दुसरी खोटी आशा. तरुणपणी अंगात जोर असतो, म्हणून आजार दुसऱ्यालाच होतो असे वाटते. आशा वाईट नाही. शेतकरी आशेवरच जगतो. पण तो आधी पेरतो, मग पिकाची आशा धरतो. न पेरता पिकाची वाट पाहणे ही आशा नव्हे, ती बेफिकिरी. वेळेवर दवाखान्यात जाणे ही पेरणीच आहे.

धनुर्वात एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. म्हणून त्या पोराला बरे झाल्यावरही लस घ्यावी लागली. आज तो बाप आहे. लेकीला लस द्यायला स्वतः नेतो. तिला म्हणतो, "बाई, थोडं दुखीन. मी हात धरतो." लेक रडते, पण पळत नाही.

लक्षात ठेवा :
१. मुलांना डॉक्टरचा वा सुईचा धाक घालू नका.
२. दुखणार असेल तर खरे सांगा. जवळ बसा.
३. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.
४. धनुर्वाताची लस बाळपणी द्यावी. पुढे १० व्या व १६ व्या वर्षीही द्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते.

प्रश्न :
१. पोराने जखम घरी का सांगितली नाही?
२. आशा आणि बेफिकिरी यांत फरक काय?
३. तुमच्या घरी मुलांना कोणाचा धाक घालतात?