ओले धान्य आणि नदीकाठचे घर

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्यास आपला मानण्यास नकार दिला.

वाचकहो, नदीकाठच्या बंदिस्त गृहसंकुलात घर घेताना ही रास आठवा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत शिरले. नवा रंग अशी ओल झाकतो. म्हणून पाटबंधारे विभागाची पूररेषा पाहा : निळी सरासरी २५ वर्षांतून, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे. आणि उद्या तेच घर विकताना, पाणी कुठवर चढले होते, हे न विचारताही सांगा.