वाळवी : कांहीं समज, कांहीं गैरसमज

गेल्या पावसाळ्यांत दीपनगर येथें आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांच्या वेळची लोखंडी पेटी उघडली. आंत शेताचें खरेदीखत व मुलांचे शाळेचे दाखले होते. हातीं आला तो मातीचा ओला लगदा आणि कागदाच्या चार कुरतडलेल्या कडा! "वाळवीनें लोखंडहि खाल्लें," असें मंडळी म्हणूं लागली. आम्हीं पेटी उपडी करून पाहिली, तों तळाशीं गंजामुळें पडलेलें ज्वारीच्या दाण्याएवढें भोंक दिसलें. वाळवी लोखंड खात नाहीं, दगडहि खात नाहीं. तिला बारीकशी फट मिळाली म्हणजे पुरे.

हिला कोणी उधई म्हणतात, कोणी पांढरी मुंगी. पण ही मुंगी नव्हेच. मुंगी गांधीलमाशीच्या गोत्रांतली. वाळवीचें जवळचें आप्त म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील झुरळ! मुंग्या तर तिच्या कट्टर वैरी आहेत.

नागपंचमीस वारुळाची पूजा होते, म्हणून वारूळ नागानेंच बांधलें असें पुष्कळ मुलांस वाटतें. नागाला माती उकरतां येत नाहीं व लिंपतांहि येत नाहीं. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण ज्यानें केली, त्यानें नीट पाहिलें होतें. बांधणारी वाळवीच, तीहि कामकरी व आंधळी. मातीचा एकेक कण लाळेनें चिकटवून ती पुरुषभर उंच वारूळ उभारते. तिच्या देहाच्या ही उंची सुमारे 300 पट होय. त्याच हिशेबानें माणसानें बांधावयाचें ठरविलें, तर इमारत जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच होईल, आणि आपल्या वीजकेंद्राचीं धुराडीं तिच्यापुढें ठेंगणीं दिसतील.

वारुळाच्या पोटांत शेतीहि चालते. चघळलेल्या काडीकचऱ्याच्या विष्ठेवर वाळवी एक प्रकारची बुरशी वाढविते व तीच खाते. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारीं अळंबीं हीं ह्याच बुरशीचीं. दक्षिणेंत तंजावरकडे कोनिग नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें ह्या बुरशीचें वर्णन 1779 सालींच प्रसिद्ध केलें. राणी मात्र नांवाचीच राणी. ती हुकूम सोडीत नाहीं. अंधाऱ्या कोठडींत पडून दिवसाला हजारों अंडीं घालते.

वाळवीच्या सुमारे 3000 जाती आहेत. त्यांपैकीं घराला व पिकाला उपद्रव देणाऱ्या थोड्या. बाकीच्या पालापाचोळा मातींत मिळवितात, हें शेतकऱ्याच्या हिताचेंच.

तिची त्वचा फार पातळ असते. कोरड्या हवेंत ती लवकर सुकून मरते, म्हणून भिंतीवर मातीची नळी करून ती आंतून चालते. ती नळी झाडूनें पुसली म्हणजे वाळवी गेली, असें समजूं नये. वारूळ जमिनींत शाबूत असतें व नळी पुन्हां तयार होते. रॉकेल ओतल्यानें वरच्या चार मरतात, राणीला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. कागदपत्रांची पेटी भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर ठेवावी, म्हणजे नळी वर चढतांना डोळ्यांस दिसते.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवतीं पंखांचे किडे घिरट्या घालतात. ते वाळवीचेच भावी राजे व राण्या. बहुतेकांस पाली व पक्षी गिळतात. एखादें जोडपें पंख टाकून ओल्या मातींत शिरतें. सकाळीं उंबऱ्यापाशीं पंखांचा सडा दिसला, तर पालकांनीं त्याच दिवशीं पेटी उचलून तिचा तळ पाहावा.